पळत्या अंगाचं माप

आर्णीच्या बाजारातून दिग्रस रस्त्याकडे वळलं की तिसऱ्या गल्लीत इकबालभाईंचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान लागतं. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची बायको जैबुनबी शिवायला बसते. बाहेर बोर्ड नाही, त्याची कधी गरजच पडली नाही. दारावर एक हिरवा पडदा आहे, आणि त्या पडद्याआड गेल्या तीस वर्षांत गावातल्या, खेड्यापाड्यांतल्या किती बाया माप द्यायला उभ्या राहिल्या असतील याचा हिशोब खुद्द जैबुनबीलाही सांगता यायचा नाही. नवरीचे ब्लाउज, बाळंतिणीचे ब्लाउज, कॅन्सरच्या ऑपरेशनात एक बाजू गेलेल्या बाईसाठी आत कापूस भरून बेतलेला ब्लाउज, सगळं तिच्या हातून गेलेलं. तिचा हात तर चांगला होताच, पण बाया यायच्या त्या जास्त करून तिच्या तोंडावर भरवसा ठेवून. पडद्याआड पाहिलेलं तिनं कधी पडद्याबाहेर नेलं नाही.

चार वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा निकिता नावाची एकोणीस वर्षांची पोरगी महिन्याभरात तिसऱ्यांदा तिच्याकडे आली. निकिता आर्णीपासून सहा किलोमीटरवरच्या खेड्यातली, सदाशिवराव आणि बेबीताईंची थोरली. घरची कपाशी-तुरीची शेती. बारावी झाल्यावर पोलीस भरतीची तयारी करायची म्हणून ती रोज पहाटे स्कूटीवर आर्णीच्या मैदानावर यायची. तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेली आपली आत घालायची बॉडी काढली आणि हळूच मशीनवर ठेवली.

"खाला, हे बाजूनं अजून आवळून द्या."

जैबुनबीनं ती उलटीपालटी करून पाहिली. दोन्ही बाजूंनी आधीच दोनदा टिपा मारलेल्या होत्या, त्याही तिनंच.

"आता आवळाले कापड कुठी राह्यलं व? घाल बरं अंगात, पायतो मी."

पोरगी जागची हलेना. जैबुनबीनं उठून दाराची कडी लावली, पाठ फिरवून उभी राहिली. थोड्या वेळानं वळून पाहते तर काय, पोरीनं एकावर एक अशा दोन बॉड्या घातलेल्या, आणि वरून जुन्या ओढणीची पट्टी फाडून छातीभोवती करकचून गुंडाळलेली. काखेखाली कातडं सोलून लाल झालेलं. खांद्यावर दोन्हीकडे पट्ट्यांचे वण, बोट मावेल एवढे खोल.

"या अल्ला," जैबुनबी पुटपुटली. "बेटा, श्वास तरी घेता येते का तुले?"

"थोडा थोडा येते."

"मंग काहून एवढं आवळतं?"

निकितानं मान खाली घातली. मग एकदम बोलू लागली ती थांबेचना.

"खाला, मी पयतो ना, तवा लय हालते. दुखते. रातभर ठणकते. अन् मैदानाच्या भिताडावर पोट्टे बसून राह्यते, हासते. म्हून मी हात असे छातीले लावून पयतो. तं अक्षयसर वरडते, हात सोड, हात सोड म्हणते. आता सराइले काय सांगू मी? आईले सांगतलं, तं आई म्हणे, वाकून पयत जाय. वाकून पयलं तं दम लागते. आठशे मीटरले मले साडेतीन मिन्टं लागते. माह्यासंगच्या सडपातळ पोरी तीनच्या आत येते. मीच भदाडी हाव, माह्यानं नाई होत."

"भदाडी कायची?" जैबुनबी म्हणाली. "रिकामं बोलू नको." तिनं ओढणीची ती पट्टी सोडली, कपाटातून बोरोलीनची ट्यूब काढली आणि काखेतल्या सोललेल्या जागी बोटानं हळूहळू लावत राहिली. पोरगी उभ्या उभ्या रडत होती. तिनं रडू दिलं.

"सकायी किती वाजता असते तुमचं?"

"साडेपाचले."

"मी येतो उद्या."

"तुम्ही? कायले?"

"तू कशी पयतं ते पायाले," जैबुनबी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थंडी मजबूत होती. जैबुनबी बुरख्यावर शाल घेऊन मैदानाच्या कडेला लिंबाखाली दगडावर जाऊन बसली. उजाडू लागलं तशी बारा-चौदा पोरी पळायला लागल्या. मध्यभागी शिट्टी आणि घड्याळ घेऊन अक्षय उभा होता. हा गावातलाच पोरगा. स्वतः भरतीत उंचीला कमी पडला, तेव्हापासून पोरापोरींना फुकट शिकवायचा.

निकिता शेवटून दुसरी होती. कोपरं छातीला घट्ट लावलेली, खांदे पुढे घेतलेले, पावलं तोकडी. रस्त्यावरून ओझं नेताना बाई जशी चालते तशी ती पळत होती. जैबुनबीचं लक्ष तिच्यावरून हलेना. आणि पाहता पाहता तिला जे दिसलं ते तिनं तीस वर्षं मशीनवर बसून पाहिलं नव्हतं. पाय जमिनीवर टेकायचा, अंग खाली यायचं, पण छाती अजून वरच असायची. आणि अंग पुन्हा वर उचललं की ती खाली आदळायची. बरं, नुसती वर-खालीही नाही. डावीकडे, उजवीकडे, पुढे, सगळीकडे तिला ओढ बसत होती. ओझं एका वाटेनं जायचं आणि पोरगी दुसऱ्या. प्रत्येक पावलाला हा झटका, आणि आठशे मीटरमध्ये पावलं किती!

ती बाकीच्या पोरींकडे पाहू लागली. एकीनं एवढ्या घामातही जाड जॅकेट घातलेलं. एकीनं दोन टी-शर्ट. एक पोरगी वळणावर, भिंतीपाशी आली की दर वेळी हात आडवा धरायची. तिथं चार-पाच पोरं पाय खाली सोडून बसली होती.

"निकिता, हात सोड! हात मोकये ठेव!" अक्षय ओरडला.

जैबुनबीला त्याचा राग आला नाही. पोरगं वाईट नव्हतं. त्याला दिसत नव्हतं एवढंच.

तिला स्वतःचं आठवलं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितलेली नव्हती, इकबालभाईंनाही नाही. दारव्ह्याच्या शाळेत ती सहावीत असताना सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत सगळ्या पोरींत पहिली आली होती. दुसऱ्या वर्षीही आली. तिसऱ्या वर्षी तिनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि ती घरीच राहिली. तिला कोणी अडवलं नव्हतं. अब्बा तर स्वतः न्यायला तयार होते. पण वर्षभरात अंग भरलं होतं, पळताना दुखायचं, आणि ते सांगायला शब्दच नव्हता. पोटाला शब्द होता, म्हणून पोट दुखलं. पुढं घरात मशीन आली आणि ती मशीनवर बसली ती बसलीच.

मैदानावरून परत येताना तिनं बाजारातून जाड होजिअरी कापड आणि रुंद इलॅस्टिक घेतलं.

पहिली बॉडी तिनं चार दिवसांत शिवली. जाड, सपाट, दाबून धरणारी. निकिता घालून पळाली आणि दुसऱ्या फेरीत मैदानाच्या कडेला ओकली. "जीव कोंडते खाला," म्हणाली. जैबुनबीनं ती उसवून टाकली. दुसरीला खांद्याच्या पट्ट्या चांगल्या चार बोटं रुंद ठेवल्या आणि वर ओढून घेतल्या. हालणं जरा कमी झालं, पण सारा भार खांद्यांवर. तिसऱ्या दिवशी पोरीची मान धरली. तिला मागं वळून पाहता येईना.

"राहू द्या खाला," निकिता म्हणाली. "तुमचं बाकीचं काम मागं पडून राह्यलं."

"तू पय. कामाचं मी पायतो."

पण उपाय तिलाही सुचत नव्हता. त्या दुपारी तिनं आपल्याच मापाची तशीच एक शिवली, अंगात घातली, वर ढगळ कुर्ता चढवला आणि गच्चीवर गेली. आजूबाजूच्या गच्च्यांवर कोणी नाही हे पाहिलं. आणि चौपन्नाव्या वर्षी, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेकडेनं, जैबुनबी पळू लागली. पहिल्या दोन फेऱ्यांत तिला हसूच आलं. पाचव्या फेरीत दम लागला. आठव्या फेरीत खांद्यात कळ आली आणि ती नेमकी कुठून निघते हे कळलं. आणखी दोन फेऱ्या मारल्यावर तिच्या ध्यानात आलं की दम लागला की बरगड्या फुलतात, आणि शिवण फुलत नाही.

ती कठड्याला टेकून धापा टाकत होती तेवढ्यात इकबालभाई चहा मागायला वर आले.

"क्या कर रई तू?"

"दौड रई."

इकबालभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मिरच्यांकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की ही उगाच काही करत नाही. ते पायरीवर बसले. तिनं नाव न घेता सगळं सांगितलं. भार सांभाळायचा आहे, दाबायचा नाही, आणि वरून ओढला की मान तुटते. इकबालभाई मान फिरवून दिग्रस रस्त्याकडे पाहत ऐकत होते. कान लाल झाले होते त्यांचे. पण ऐकत होते.

"गाडीवर सिलिंडर नेतो आपण," ते अखेर म्हणाले, "तो वरून टांगत नाही. टांगला की झोके खातो. खाली टेकू देतो, मग बांधतो. दोन सिलिंडर असले तर दोन्ही अलग बांधायचे. एकाच दोरीत बांधले की एकमेकांवर आदळतात." मग लगेच उठले. "मी काय सांगणार बाई. तू चहा कर."

जैबुनबी चहा विसरली. खाली येऊन तिनं खडू हातात घेतला.

कटोरी ब्लाउज तर ती आयुष्यभर शिवत आली होती. दोन कटोऱ्या वेगळ्या, प्रत्येकीला आपला आधार. ते तिनं इथं घेतलं. आतून मऊ होजिअरी, बाहेरून न ताणणारं कापड, आणि तेही सरळ कापलेलं. उरेब, म्हणजे तिरपं, कापलं की कापड ताणतं हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं. छातीच्या खाली चार बोटं रुंद दुहेरी इलॅस्टिकची पट्टी, श्वासाबरोबर फुलणारी, सगळा भार तिच्यावर. खांद्याच्या पट्ट्या फक्त जागेवर धरायला, मागे पाठीवर एकत्र येणाऱ्या. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे काखेत काही घासायला नको. आणि मागे हुकांच्या तीन रांगा, कमी-जास्त करायला.

माप घ्यायला तिनं निकिताला दुपारी बोलावलं आणि आधी गच्चीवर पिटाळलं.

"वीस चक्कर मार. मंग खाली ये."

पोरगी धापा टाकत खाली आली तशी जैबुनबीनं टेप लावला.

"घे श्वास. भरून घे. सोड. अजून घे."

उभ्या मापात आणि या मापात दोन बोटांचा फरक निघाला. जैबुनबी टेपकडे पाहत राहिली. इतकी वर्षं आपण फक्त उभ्या बायांची मापं घेतली, हे तिच्या मनात आलं, आणि तिनं दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले.

ही बॉडी शिवायला आठवडा लागला. कटोरी दोनदा उसवली, पट्टी एकदा. शेवटी निकितानं ती घातली, पडद्याआड जागच्या जागी उड्या मारल्या, हात वर-खाली केले. मग थांबली आणि दोन्ही हात स्वतःच्या अंगावरून फिरवत राहिली, जणू आपलं काहीतरी सापडत नाहीये.

"काय झालं? टोचते का?"

"नाई खाला. काहीच नाई होत. काही समजूनच नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे जैबुनबी पुन्हा लिंबाखाली जाऊन बसली. पहिल्या फेरीत निकिताचे हात सवयीनं छातीशीच होते. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला एक हात सुटला. मग दुसरा. खांदे मागे गेले, मान वर आली, पाऊल लांब पडू लागलं. समोरच्या जॅकेटवालीला तिनं वळणावर मागं टाकलं. भिंतीवरच्या पोरांपाशी आली तेव्हा तिनं हात आडवा घेतला नाही. तिथं पोरं बसली आहेत याचंही तिला भान नव्हतं.

अक्षयनं घड्याळ दाबलं आणि दोनदा पाहिलं.

"तीन बारा! काय खाऊन आली व आज?"

निकिता कमरेवर हात ठेवून हसत होती. जैबुनबीनं डोळे पुसले आणि अक्षयला हाक मारली.

"इकडे ये बाबू. बस. तुले एक गोष्ट सांगतो, शरमू नको. पोरीच्या हाताचा दोष नोयता."

तिनं सांगितलं, सरळ शब्दांत, जसं गिऱ्हाईक बाईला सांगते तसं. अक्षय जमिनीकडे पाहत बुटानं मुरूम उकरत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "खाला, मी दोन वर्षं तिच्यावर वरडून राह्यलो."

"तुले कोणी सांगतलंच नाई, तं तुले कसं समजन?"

तो उठला. दोन पावलं जाऊन परत आला. "बाकीच्या पोरीइलेबी असंच होत असंन का?"

"त्याइलेच इचार. नाई तं माह्याकडं धाडून दे."

पोरींना विचारायचं धाडस काही त्याला झालं नाही. पण त्यानं दोन गोष्टी केल्या. रविवारी सगळ्यांसमोर, आकाशाकडे पाहत, त्यानं जाहीर केलं की ज्या पोरींना जैबुनखालाकडं काही काम असेल त्यांना एक दिवस सुट्टी. आणि दुसरं, भिंतीवर बसणाऱ्या पोरांना जाऊन सांगितलं, "मैदानावर याचं असंन तं पयाचं. बसाचं असंन तं घरी बसा." दोघं खरंच पळायला लागले. बाकीचे पुन्हा दिसले नाहीत.

पोरी यायला लागल्या. आधी जॅकेटवाली, मग तिची मैत्रीण. मग मारेगावकडून एक जण मामाच्या गाडीवर बसून आली. जैबुनबी प्रत्येकीला आधी गच्चीवर पळायला लावायची. त्या हिवाळ्यात गल्लीतल्या लोकांना कळेना की शिवणकामाला आलेल्या पोरी गच्चीवर धावतात कशाला. इकबालभाईंना कोणी विचारलं की ते पान्हा शोधायला लागायचे.

यवतमाळला मैदानी चाचणी झाली त्या दिवशी निकिताच्या आग्रहानं जैबुनबी बरोबर गेली. आत सोडत नव्हते. ती फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी तीन तास उभी राहिली. आतून शिट्ट्या ऐकू यायच्या, कोणती शिट्टी कुणाची ते कळायचं नाही. ऊन चढलं तेव्हा निकिता बाहेर आली, छातीवर नंबर तसाच, केस घामानं चिकटलेले. जैबुनबीनं काही विचारायच्या आधीच तिनं तिला मिठी मारली.

"दोन छप्पन, खाला."

त्या वर्षी मात्र ती लेखी परीक्षेत हुकली. घरी दोन दिवस झोपून राहिली. सदाशिवराव म्हणाले, आता स्थळ पाहू. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला बेबीताईंनी स्वतःच पोरीला उठवलं आणि स्कूटीची चावी तिच्या हातात दिली. पुढच्या भरतीत निकिताचं नाव यादीत लागलं. आता ट्रेनिंग संपून ती वणीला आहे. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर ड्युटी असली की गणवेश संध्याकाळी काळा होतो, असं फोनवर सांगते.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी बेबीताई पेढे घेऊन आर्णीला आल्या. जैबुनबीच्या तोंडात पेढा घातला, स्टुलावर बसल्या. पोरीबद्दल बोलून झालं, तुरीबद्दल बोलून झालं. तरी उठेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"काय व बेबीताई? अजून काही हाय का?"

"नाई बाप्पा. तसं काही नाई." मग हळूच, दाराकडे पाहून, "मले काई पयाचं नाई हाय, जैबुनबी. पण वावरात तण निंदाले वाकली का दिवसभर लोंबते, अन् रातच्याले पाठ अशी भरून येते. पोरगी म्हणे, आई, तुह्यासाठी बी शिवून घे. म्या म्हटलं, माह्यं वय काय, मले कोण पाह्यते." त्या थोडं थांबल्या. "वीस वर्षं झाले व दुखून राह्यलं. मले वाटे, सगळ्याइचंच दुखते."

जैबुनबी उठली, दाराची कडी लावली आणि टेप गळ्यात अडकवला.

"वावरात निंदता तशा वाका बरं," ती म्हणाली.

बेबीताई लाजत लाजत वाकल्या, हातात विळा धरल्यासारखं करून. दोन पावलं तशाच पुढं सरकल्या, आणि मग त्यांना हसू आलं ते आवरेना. जैबुनबी त्यांच्या पाठीवर हात ठेवून हसू ओसरायची वाट पाहत उभी राहिली, कारण हसताना माप चुकतं.